रुग्ण सहकार्य करत नाही: किरणोपचाराच्या तिसऱ्या आठवड्यातलं एक प्रकरण

तिसऱ्या आठवड्यात अण्णांच्या फाइलवर लागोपाठ तीन नोंदी आहेत. 'वेदना ४/१०.' मग, 'रुग्ण फार घाबरलेला, झोप नाही. अल्प्राझोलाम ०.५ मिग्रॅ रात्री.' आणि दोन दिवसांनी, 'रुग्ण सहकार्य करत नाही. किरणोपचारास नकार.' तिन्ही अक्षरं वेगवेगळी. कुणीही खोटं लिहिलेलं नाही. तरी त्या ओळी एकाखाली एक वाचल्या की लक्षात येतं, त्रास एकच होता. तिघांनी त्याचा एकेक तुकडा पाहिला आणि ते तुकडे जुळवायचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

आधी एक खुलासा. अण्णा हा कुणी एक खरा माणूस नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण शिकण्यासाठी रचलं आहे. त्यात औषधांचे डोस आहेत ते त्या परिस्थितीपुरते. ते वाचून घरी कुणी गोळ्या कमीजास्त करू नयेत.

रुग्णाची माहिती

वय ५५, एसटीत वाहक, धाराशिव जिल्ह्यातले. निवृत्तीला तीन वर्षं बाकी. तंबाखू-चुना विशीपासून, पुढे गुटखा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तेव्हा पुडी टपरीच्या दर्शनी दोरीवरून गल्ल्याखाली गेली, अण्णांच्या खिशातून गेली नाही. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम, मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, तेव्हा कुठे दवाखाना. निदान: गालाच्या आतल्या अस्तराचा स्क्वॅमस सेल कर्करोग, जबड्याच्या हाडात शिरलेला, मानेत गाठ.

शस्त्रक्रियेत गालाचा भाग, खालच्या जबड्याचा डावा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. झालेली पोकळी भरायला छातीवरचा स्नायू कातडीसकट वर वळवला. सहाव्या आठवड्यात किरणोपचार सुरू झाले. ३० बैठका, एकूण ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), सोमवार ते शुक्रवार, आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. नाकात नळी, अन्न आणि औषधं तिच्यातूनच. बोलणं समजत नव्हतं, म्हणून उशाशी वही आणि पेन.

घरी बायको, दोन मुली, एक मुलगा. थोरलीला एक लहान मुलगा. धाकटीचं लग्न ठरलं होतं, ते पुढे ढकललेलं. मुलगा चाकणला कंपनीत, बिनपगारी रजा टाकून वडिलांजवळ राहिलेला. पहिल्याच दिवशी त्यानं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगितलं होतं, "साहेब, त्यांना नुसती गाठ हाय म्हणून सांगितलंय. कॅन्सरचं नाव काढू नका. ऐकलं तर खचतील ते."

अकरा बैठका झाल्या. बाराव्या दिवशी अण्णा यंत्राच्या टेबलावर चढले, डोकं जखडणारा मास्क समोर आल्यावर तंत्रज्ञाचा हात धरला आणि उतरले. दुसऱ्या दिवशी खोलीतूनच निघाले नाहीत. तेव्हा वेदनाशमन पथकाला बोलावणं गेलं.

'चार' कुठून आला

सकाळच्या फेरीत सिस्टर विचारतात, "अण्णा, शून्य ते दहात किती दुखतंय?" अण्णा चार बोटं दाखवतात. त्या वेळी ट्रॅमाडोल हे वेदनाशामक देऊन तासभर झालेला असतो, ते निपचित पडलेले असतात आणि पायाशी मुलगा उभा असतो. बाप पोरादेखत चाराच्या वर जात नाही. हा अंदाज कुठल्याही मराठी वॉर्डात ताडून पाहता येईल.

समुपदेशक ताईंनी दोनच गोष्टी बदलल्या. मुलाला चहाला पाठवलं, आणि एकाऐवजी तीन प्रश्न विचारले: पडून असताना किती, गिळताना किती, मास्कमध्ये किती. 'दहापैकी' या मोजपट्टीवर अण्णा रेंगाळले, तेव्हा ताई म्हणाल्या, "रुपयात किती आणे, तेवढं सांगा." अण्णांनी लिहिलं: ६. १४. आणि तिसऱ्या प्रश्नापुढे १६, खाली दोन रेघा.

आणे बंद होऊन कैक दशकं लोटली, पण 'बारा आणे फरक पडला' ही भाषा गावाकडून आलेल्या रुग्णांच्या तोंडी अजून आहे. पट्टी कुठलीही चालते. रोज तीच वापरली आणि हालचालीतलं दुखणं वेगळं विचारलं, तर ती उपयोगाची. फाइलवरचा चार हा पडून असतानाचा आकडा होता, आणि किरणोपचार नुसतं पडून घ्यायचा नसतो, मान ताणून जखडून घ्यायचा असतो.

कर्करोगाचे उपचार चालू असताना वेदना असणं ही अपवादात्मक गोष्ट नाही. अनेक अभ्यासांचा मिळून २०१६ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात उपचार चालू असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्क्यांना वेदना होत्या. बळावलेल्या आजारात हे प्रमाण ६६ टक्के. आता गालाच्या अस्तरावर किरणं पडायला लागून तिसरा आठवडा चालू आहे, म्हणजे तोंडातली त्वचा सोलली जाण्याची हीच वेळ. त्या आठवड्यात एखादा माणूस गुण्यागोविंदानं चारावर राहिला, तर मला आधी त्या आकड्याचाच संशय येतो.

एक नाही, तीन दुखणी

तपासल्यावर वेदना वेगवेगळ्या निघाल्या. तोंडात आणि घशात किरणांमुळे झालेले व्रण, त्यांची आग. डाव्या खांद्यात खोल ठणका, कारण मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला ताण बसतो आणि खांदा खाली पडतो. टेबलावर उताणं झोपवून खांदे खाली ओढले की तो ठणका दुप्पट. तिसरी वेदना कानाजवळून हनुवटीपर्यंत धावणारी. अण्णांनी तिच्याबद्दल एकच शब्द लिहिला: 'करंट'. हे नसेचं दुखणं. साध्या वेदनाशामकांना ते फारसं दाद देत नाही.

चालू औषध होतं ट्रॅमाडोल ५० मिग्रॅ दिवसातून तीनदा, आणि 'लागेल तेव्हा' पॅरासिटामॉल. हे 'लागेल तेव्हा' मोठं फसवं. बोलता न येणाऱ्या, नळी लावलेल्या आणि कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला ते कधीच लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत मांडली: सौम्य वेदनेला साधं औषध, मग सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन. त्यासोबतचा नियम, औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे, आजही तितकाच खरा आहे. पण २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनात प्रत्येक पायरीवर थांबत चढण्याचा आग्रह उरला नाही. वेदना तीव्र असेल तर थेट वरून सुरुवात करता येते. अण्णांची गिळतानाची वेदना चौदा आणे होती. पथकानं ट्रॅमाडोल थांबवून मॉर्फिन सुचवलं: ५ मिग्रॅ सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मधेच उसळी आली तर आणखी ५. सोबत रात्री गॅबापेंटिन ३०० मिग्रॅ, नसेच्या दुखण्यासाठी.

इथे तीन बारकावे आहेत, आणि गडबड नेमकी इथेच होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या टाळल्या, कारण सिस्प्लॅटिन आधीच मूत्रपिंडांवर भार टाकतं. मॉर्फिन सुरू करण्यापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) पाहिलं, कारण मूत्रपिंड मंदावलं तर मॉर्फिनपासून तयार होणारे घटक शरीरात साठतात आणि रुग्ण गुंगतो. तिसरा बारकावा नळीचा: साध्या मॉर्फिनची गोळी कुटून नळीतून देता येते, हळूहळू विरघळणारी मात्र कधीही कुटायची नाही, सगळा डोस एकदम उतरतो. बद्धकोष्ठासाठी बिसाकोडिलचं आवरण कुटून चालत नाही, म्हणून पातळ लॅक्टुलोज, आणि तेही पहिल्या दिवसापासून. मॉर्फिनच्या मळमळीची काही दिवसांत सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही.

तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा धुणं. तोंड उघडत नव्हतं, म्हणून सिरिंजने.

"ते औषध नको"

मॉर्फिनचं नाव काढताच मुलगा म्हणाला, "सवय लागंल त्यांना." हा आक्षेप नेहमीचा, आणि डॉक्टरांकडे त्याचं उत्तर पाठ असतं. अण्णांच्या बायकोचा आक्षेप वेगळा होता आणि तो कुणी विचारल्याशिवाय बाहेर आला नसता. "ह्यांच्या थोरल्या भावाला ती सुई दिली बघा राती. सकाळी गेले."

थोरल्या भावालाही कर्करोगच, घशाचा. शेवटचे दोन महिने घरी, तालुक्याला मॉर्फिन नाही, रात्री ओरडायचे तर आळीला ऐकू जायचं. अगदी शेवटी मोठ्या गावी नेलं आणि ते इंजेक्शन मिळालं. घरानं त्यावरून काढलेला निष्कर्ष तर्कशुद्ध आहे: सुई दिली की माणूस जातो. सुई उशिरा पोचली होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ती का उशिरा पोचली, हेही सांगायला हवं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आणि त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची अशी जंत्री झाली, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली: मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कायदा बदलला, तालुक्याचं कपाट बहुतेक ठिकाणी रिकामंच राहिलं. एक पिढी असं औषध न वापरता डॉक्टर झाली, त्याचाही हा परिणाम.

डॉक्टरांनी मुलाला आणि बायकोला एकत्र बसवून तीन गोष्टी सांगितल्या. वेदनेच्या मापानं हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिननं श्वास थांबणं फार दुर्मीळ आहे, आणि त्याआधी गुंगी दिसते, ती दिसली तर डोस थांबवून कळवायचं. वेदनेसाठी घेतलेल्या औषधाची शरीराला सवय होते, म्हणून ते अचानक थांबवायचं नाही. व्यसन म्हणजे याहून निराळी गोष्ट. आणि तोंडातले व्रण भरले की हे औषध बंद करायचंच आहे. तिसरं वाक्य ऐकल्यावर बायको म्हणाली, "बंद बी होतंय व्हय ते?" तिथून पुढे घासाघीस झाली नाही. मला वाटतं, व्यसनाच्या भीतीवर जितकं बोललं जातं त्याच्या निम्मं तरी या 'शेवटाच्या औषधा'च्या भीतीवर बोललं गेलं पाहिजे.

दुखणं उतरलं, भीती तिथेच

तिसऱ्या दिवसापर्यंत अण्णा सलग पाच-सहा तास झोपू लागले. गिळताना आठ आणे. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न. चौथ्या दिवशी टेबलावर नेलं आणि पुन्हा तेच: मास्क खाली येताच हात वर.

हा मास्क म्हणजे गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेली प्लास्टिकची जाळी. थंड झाली की ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते आणि खिळ्यांनी टेबलाला अडकवतात. डोकं केसभरही हलू नये यासाठी. ज्याचा चेहरा धडधाकट आहे त्यालाही ती घुसमटवते. अण्णांच्या तोंडात तर घट्ट चिकट लाळ साचत होती, गिळता येत नव्हती, ओठ नीट मिटत नव्हते आणि त्यांना उताणं बांधलं जात होतं. वहीत त्यांनी लिहिलं: 'बुडल्यासारखं होतं. ओरडता येत नाही.'

याला मनाची घबराट म्हणून गोळी देणं म्हणजे छपराला भोक असताना पाटावर बसून फरशी पुसणं. श्वास अडकण्याचा धोका खरा नसला तरी अडकल्याची जाणीव अगदी खरी होती आणि तिला शारीरिक कारण होतं. अल्प्राझोलामनं त्यात भर घातलेली: रात्री दिलेल्या गोळीची ग्लानी सकाळपर्यंत, त्यात लाळ सावरणं आणखी कठीण. शिवाय मॉर्फिनसोबत या जातीच्या गोळ्या दिल्या तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये यासाठी ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. ती गोळी आठवड्याभरात उतरवत बंद केली.

मग किरणोपचार विभागातच काम सुरू झालं. बैठकीची वेळ रोज अकरा ठरवली, म्हणजे दहाचा मॉर्फिनचा डोस बरोबर तासभर आधी पडेल. टेबलावर चढण्यापूर्वी तोंड धुणं आणि यंत्रानं लाळ ओढून घेणं. भौतिकतज्ज्ञांना विचारून मास्कला तोंडापाशी भोक पाडलं, नंतर डोकं पूर्वीइतकंच स्थिर राहतंय याची प्रतिमा काढून खात्री केली. एक दिवस नुसताच सराव: मास्क हातात, मग तोंडावर पण खिळे न लावता, मग एक बाजू अडकवून. प्रत्येक टप्प्यावर श्वास आत घेतल्यापेक्षा सावकाश बाहेर सोडायचा, नाकानं. आणि थांबायचं केव्हा हे अण्णा ठरवणार.

थांबायचं कसं सांगणार, हा प्रश्न तंत्रज्ञानं सोडवला. त्यानं टेबलावर ठेवायची छोटी घंटी आणली. वाहकाला घंटी शिकवावी लागत नाही: एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. पहिल्या दिवशी अण्णांनी एकल घंटी दोनदा वाजवली, दोन्ही वेळा यंत्र थांबलं, तंत्रज्ञ आत आला, लाळ काढली. दुसऱ्या दिवशी एकदा. नंतर वाजवली नाही, पण घंटी हातात असल्याशिवाय ते झोपतही नव्हते. आतल्या भोंग्यावरून तंत्रज्ञ सांगायचा, "अण्णा, निम्मं झालं." त्या यंत्रामागे रांगेत किती रुग्ण ताटकळतात ते पाहिलेल्यालाच कळेल, की सरावासाठी दिलेला तो अर्धा तास किती महाग होता.

गेटवरची पाटी

चिंता मोजण्यासाठी ताईंनी 'एचएडीएस' ही प्रश्नावली वापरली. झिगमंड आणि स्नेथ यांनी ती १९८३ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांसाठीच तयार केली. झोप, भूक, थकवा हे प्रश्न तिच्यात मुद्दाम नाहीत, कारण कर्करोगाच्या रुग्णात ते आजारानंही बिघडतात. चौदा प्रश्न, सात चिंतेचे, सात उदासीचे, प्रत्येकी कमाल २१ गुण; ११ वा वर म्हणजे दखल घ्यायलाच हवी. अण्णांचे चिंतेचे गुण १४, उदासीचे ९. जगणं नकोसं झालंय का, हेही ताईंनी सरळ विचारलं. उत्तर: 'येऊन गेलं मनात. करणार नाही. धाकटीचं लग्न आहे.' मनोविकारतज्ज्ञांनी त्याच दिवशी पाहिलं. नवं औषध लगेच न देता आठवड्यानं पुन्हा भेटायचं ठरलं, आणि घरच्यांच्या मोबाइलवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घातला.

पण कसली चिंता, हे गुण सांगत नाहीत. ते कळायला मुलाच्या अटीला हात घालावा लागला. ताईंनी त्याला दोष दिला नाही, लपवू नकोस असंही म्हटलं नाही. विचारलं, "हे एकट्यानं सांभाळताना तुझं काय होतंय?" मुलगा बराच वेळ बोलला. मग त्याच्याकडून एवढीच परवानगी घेतली: आम्ही आपणहून काही सांगणार नाही, अण्णांना काय माहीत आहे ते फक्त विचारू.

"अण्णा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

वहीत उत्तर आलं: 'कॅन्सर. गेटवरच लिहिलंय.' आणि पान उलटून: 'पोराला सांगू नका मला ठाऊक आहे म्हणून. त्याला तेवढाच आधार.'

बाप मुलाला जपत होता, मुलगा बापाला. खोलीत दोघंही दिवसभर एकमेकांसमोर आणि दोघांनाही ज्याच्याशी बोलावंसं वाटत होतं त्याच्याशीच बोलायची बंदी. हे आपल्याकडे घरोघर घडतं, प्रेमापोटीच घडतं, आणि रुग्णाची चिंता जितकी यानं वाढते तितकी बातमीनं वाढत नसावी. गाठीसाठी कुणी तीस वेळा बांधून घेत नाही, हे वाहकाला समजत होतं. मग लपवण्याजोगं आणखी काय आहे, भावासारखंच का, हा हिशेब ते रात्री मांडत होते. मरणापेक्षा भावासारखं ओरडत मरण्याचं भय त्यांना जास्त होतं. ते एकदा कागदावर उतरल्यावर डॉक्टरांना उत्तर देता आलं: तुमचा कर्करोग काढलेला आहे, हा किरणांचा शेक तो परत येऊ नये म्हणून आहे, तो परत येणारच नाही अशी हमी नाही, पण दुखण्यासाठी भावाला जे मिळालं नाही ते तुम्हाला आजपासूनच मिळतंय.

बापलेकाचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं, ताई नुसत्या बसून होत्या. मुलगा रडला. अण्णांनी पुढचा प्रश्न रजेचा आणि पगाराचा लिहिला. सामाजिक कार्यकर्त्यांनी डेपोला लागणारी कागदपत्रं आणि उपचारांनंतर बसून करायच्या कामाचा अर्ज यांची जुळवाजुळव सुरू केली.

शुक्रवारची रात्र

चौथ्या आठवड्यात एका रात्री वेदना अचानक पुन्हा चौदा आण्यांवर गेली. उसळीचे दोन डोस दिले, फरक नाही. अशा वेळी सोपा रस्ता डोस वाढवण्याचा. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आधी टॉर्चनं तोंड पाहिलं: बुरशीचा पांढरा थर नाही, नवी सूज नाही, ताप नाही, नळी जागेवर. मग सिस्टर पलंगाशी बसल्या. "आज कोण कोण आलं होतं?"

भेटायला आलेल्या भावकीतल्या एका बाईनं अण्णांच्या देखत बायकोला सल्ला दिला होता, 'ताट-तांब्या वेगळा करा, घरात लेकरू येतंय.' अण्णांनी लिहिलं: 'नातवाला लागेल का?' नाही लागणार, सिस्टर म्हणाल्या. हा रोग ताटातून, उष्ट्यातून, पापी घेतल्यानं लागत नाही. सकाळी डॉक्टरांनी हेच बायकोसमोर पुन्हा सांगितलं. त्या रात्री तिसरा डोस लागला नाही.

यावरून 'म्हणजे मनाचंच होतं' असं म्हणणारे भेटतात. दुखणं चौदा आणेच होतं. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवला किंवा वाढवला जातो आणि त्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही ताबा असतो. भीती, जागरण, अपमान तिथे काम करतात, तोंडातल्या व्रणाइतकंच खरं. लंडनमध्ये १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र) उभं करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्या आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. एका बाईला दुखण्याबद्दल विचारल्यावर ती पाठीपासून सुरुवात करून नवरा-मुलाच्या बुडणाऱ्या कमाईपर्यंत पोचली, हे त्यांनी नोंदवलं आहे. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असं मिळून 'समग्र वेदना' ही त्यांची कल्पना अशा ऐकण्यातून आली. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: त्या रात्री टॉर्च न लावता थेट गप्पा मारल्या असत्या, तर ती हलगर्जी ठरली असती.

पुढे काय झालं

नकार, सराव असं धरून चार बैठका चुकल्या. डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणोपचार लांबले की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते, म्हणून दोन बैठका शनिवारी आणि दोन, किमान सहा तासांचं अंतर ठेवून, एकाच दिवशी दोनदा अशा भरून काढल्या. तिसाव्या बैठकीपर्यंत मॉर्फिन दिवसाला ६० मिग्रॅपर्यंत गेलं. व्रण भरत आले तसं ते उतरवत नेलं आणि उपचार संपल्यानंतर सहाव्या आठवड्यात बंद झालं. गोळ्यांची शेवटची पट्टी बायकोनं सिस्टरांकडे परत दिली. चिंतेचे गुण ८ वर आले होते.

या प्रकरणावर विभागात एकमत झालं नाही. किरणोपचारतज्ज्ञांचं म्हणणं, ओपीडीची गर्दी पाहता प्रत्येकाला असा वेळ देणं अशक्य आहे, आणि अल्प्राझोलाम लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला दोन मिनिटांत दुसरं काय करता आलं असतं? मुद्दा रास्त आहे. पण तीन प्रश्नांना दोन मिनिटंच लागतात, आणि चुकलेल्या चार बैठका भरून काढायला यंत्राचा जो वेळ गेला तो सरावाच्या अर्ध्या तासाहून जास्त होता. तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता मास्क बनवण्याच्या दिवशीच सराव आणि वेदनेची नोंद करायची, एवढ्यावर तूर्त तडजोड झाली आहे.

सगळं सुटलेलं नाही. तोंड कोरडं पडतं. खांदा अजून सहा आणे दुखतो, त्याची फिजिओथेरपी चालू आहे, आणि तोंड उघडण्यासाठी लाकडी पट्ट्या एकावर एक रचून व्यायाम. दुसऱ्या तपासणीआधीच्या आठवड्यात झोप पुन्हा उडाली, चिंतेचे गुण १२. परत आला असेल का, या भीतीला तपासणीच्या तारखेचं अचूक भान असतं. गोळी न देता तपासणी आणि अहवाल एकाच दिवशी उरकायचं ठरलं, आणि अहवाल आधी अण्णांना सांगायचा, हे मुलानं स्वतःच सुचवलं. तालुक्याच्या डॉक्टरांना पत्र गेलं आहे: वेदना नव्यानं वाढली तर वेदनाशामक वाढवण्याआधी तोंड आणि मान तपासून घ्यावी, आणि मॉर्फिन लागलंच तर ते कुठून मिळेल त्या केंद्राचं नाव आणि फोन. जिल्ह्यात तसं केंद्र एकच आहे, गावापासून एसटीनं अडीच तासांवर.